प्रस्तावना : पडण्याआधी काय झालं?

कॅज्युअल्टीत येणाऱ्या बहुतेक पेशंटांचा आजार त्यांच्याबरोबरच दारातून आत येतो. दमेकरी धापा टाकत येतो, हार्ट अटॅकचा पेशंट छाती धरून येतो, ताप तर कपाळावर हात ठेवला की कळतो. भोवळ येऊन पडलेल्या वयस्क माणसाचं तसं नसतं. तो आपल्यासमोर येतो तेव्हा जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. नाडी लागते, बी.पी. बरं असतं, शुगर ठीक असते आणि आजोबा स्वतःच सांगत असतात, "मला काही झालेलं नाही, यांनीच उगाच आणलंय." ड्यूटी डॉक्टरसमोर आणखी चार-पाच पेशंट ताटकळत असतात. मग एक सलाईन लागते, ताकदीच्या गोळ्या दिल्या जातात आणि दोन तासांनी आजोबा घरी जातात. त्या दोन तासांत काय करता येतं, काय करायलाच हवं आणि काय टाळलं तरी चालतं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

असे दोन आजोबा शेजारशेजारच्या कॉटवर असतील, तर ते दिसायला अगदी सारखे दिसतील. त्यांतला एक देवळाच्या रांगेत उन्हात तास-दीड तास उभा राहून कोसळलेला असेल. त्याला पाणी, विश्रांती आणि चार समजुतीचे शब्द पुरतात. दुसऱ्याचं हृदय मात्र काही सेकंद थांबलं होतं, आणि ते आज रात्री पुन्हा थांबू शकतं. या दोघांमधला फरक महागड्या यंत्रावर क्वचितच कळतो. तो कळतो नीट विचारलेल्या हकिकतीतून, आडवं आणि उभं करून घेतलेल्या बी.पी.मधून, एका ईसीजीतून आणि औषधांच्या पिशवीतून. या चारही गोष्टी ग्रामीण रुग्णालयात उपलब्ध असतात. कमी पडते ती त्यांच्यावरची श्रद्धा आणि त्यांच्यासाठी ठरवून काढलेली पंधरा-वीस मिनिटं.

मूर्च्छेची व्याख्या सोपी आहे, पण ती काटेकोरपणे पाळायला हवी. मेंदूचा रक्तपुरवठा एकदम घटल्यामुळे शुद्ध हरपणं, अंगातला जोर जाऊन कोसळणं, आणि थोड्याच वेळात आपलं आपण पूर्ण भानावर येणं, म्हणजे मूर्च्छा. हा पुरवठा सहा ते आठ सेकंद खंडित झाला तरी तेवढं पुरतं. शुगर उतरून बेशुद्ध झालेला माणूस सहसा साखर पोटात किंवा शिरेत गेल्याशिवाय नीट शुद्धीवर येत नाही. पक्षाघातात हात-पाय लुळे पडतात किंवा वाचा जाते, पण नुसती क्षणभर शुद्ध हरपून सगळं पूर्ववत होणं हे त्याचं नेहमीचं रूप नाही. म्हणून पहिला प्रश्न असा, की शुद्ध खरंच गेली होती का, आणि ती आपली आपण, पूर्णपणे परत आली का?

उतारवयात ही भोवळ इतकी का वाढते? आपण उभे राहतो तेव्हा ५०० ते ८०० मिलिलिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमधले दाब ओळखणारे तंतू हे क्षणात टिपतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूला काही जाणवतही नाही. वयाबरोबर हा प्रतिसाद मंदावतो. रक्तवाहिन्या ताठर होतात, हृदय सैल पडून भरायला वेळ घेतं, तहान पूर्वीसारखी लागत नाही, किडनीला मीठ आणि पाणी धरून ठेवणं जमत नाही. जुना मधुमेह असेल तर हा प्रतिसाद घडवणाऱ्या नसाच निकामी होऊ लागतात. त्यामुळे तरुणपणी जे सहज पचलं असतं, ते आता पचत नाही. वैशाखातलं ऊन, एकादशीचा उपास आणि त्यावर न चुकता घेतलेली बी.पी.ची गोळी, मग पहाटे लघवीला जाण्यासाठी अंथरुणातून चटकन उठणं : यांतलं एकेक कारण किरकोळ, पण चारही एकत्र आली की माणूस कोसळतो. वयस्कांच्या मूर्च्छेत एकच एक कारण शोधण्याचा हट्ट म्हणूनच धरू नये. एक कारण सापडलं की दुसरं शोधावं.

तरीही कारणांची तीन घराणी मनात पक्की असावीत. पहिलं, प्रतिक्षिप्त क्रियेचं : वेदना, भीती, उकाडा, खोकल्याची उबळ, शौचाला जोर करणं, रात्रीची लघवी यांमुळे नाडी मंदावते आणि दाब उतरतो. मानेतल्या धमनीचा संवेदक वाजवीपेक्षा हळवा झाल्यामुळे घट्ट कॉलरनं किंवा मान वळवताना येणारी भोवळही यातलीच, आणि ती प्रामुख्यानं वयस्कांतच दिसते. दुसरं, उभं राहिल्यावर दाब उतरण्याचं. जेवणानंतर दोन तासांच्या आत दाब उतरणारेही बरेच वृद्ध असतात. पंगतीतून उठताना कोसळलेल्या आजोबांना "जास्त जेवण झालं" म्हणून सोडून देऊ नये. तिसरं घराणं हृदयाचं : ठोक्यांची गडबड, अरुंद झालेली झडप, हार्ट अटॅक, त्यांच्या जोडीला फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी आणि फाटलेली महाधमनी. पहिल्या दोन घराण्यांत धोका बहुधा पडण्याचा असतो, तिसऱ्यात जिवाचा. कॅज्युअल्टीतलं पहिलं काम म्हणजे हे तिसरं घराणं हुडकून काढणं.

या तिसऱ्या घराण्याचा इतिहास मोठा शिकवणारा आहे. १८२७ साली डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स या सर्जननं ६८ वर्षांच्या एका महसूल अधिकाऱ्याची हकिकत नोंदवली. त्याला वारंवार झटके येत आणि नाडी फार मंद चाले. त्या काळी अशा झटक्यांचं मूळ मेंदूत शोधलं जाई. ॲडम्सनं बोट हृदयाकडे दाखवलं. १८४६ साली त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्सनं तशाच पेशंटांची नोंद केली. हृदयातला विद्युतप्रवाह अडल्यानं येणाऱ्या मूर्च्छेला आजही या दोघांचं नाव आहे. दोघांकडे ईसीजी नव्हता. विलेम आइंटहोवेनचं यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं. त्यांच्याकडे होती ती नाडीवर ठेवलेली बोटं आणि पेशंटशेजारी बसण्याची तयारी. उपाय सापडायला आणखी शंभराहून अधिक वर्षं लागली. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना, पूर्णपणे शरीराच्या आत बसवायचा जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासच चालला. पुढे आयुष्यभर एकामागून एक पेसमेकर बदलत लार्सन २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले. हे इथे सांगण्याचं कारण एवढंच, की ज्या मूर्च्छेनं एके काळी माणूस हमखास जायचा, तिच्यावर आज खात्रीचा इलाज आहे. तो आजोबांपर्यंत पोचतो की नाही, हे कॅज्युअल्टीत कुणी ती ओळखली का, यावर ठरतं.

आता हकिकतीकडे येऊ. एक नेहमीचा प्रसंग घ्या. पहाटे आजींना आणलंय, बाथरूममध्ये पडल्या. भुवईवर खोल जखम आहे, चष्म्याची काच फुटली आहे. आजी म्हणतात, पाय घसरला. मुलगा म्हणतो, फरशी ओलीच असते. टाके घालायची तयारी होते. पण सिस्टर त्यांचे दोन्ही तळवे उलटसुलट करून बघते. त्यांवर साधा ओरखडाही नाही. ज्याचा पाय घसरतो तो हात पुढे टेकतो. ज्याची शुद्ध गेलेली असते तो तोंडावर पडतो. ती विचारते, "आजी, जमिनीवर पडल्याचं आठवतंय का तुम्हांला?" आजी जरा विचार करतात. "नाही गं बाई. लाइट लावला तेवढं आठवतं. मग सूनबाई हाका मारत होती." त्या दोन वाक्यांच्या मधली पोकळी हेच निदानाचं दार आहे. आजींचा पाय घसरलेला नाही. शुद्ध गेल्याचं त्यांना आठवत नाही, म्हणून मनानं एक पटण्याजोगं कारण पुरवलं आहे. वयस्कांमध्ये हे वारंवार घडतं, त्यामुळे "पडले" म्हणून आलेल्या कित्येकांत मूर्च्छा दडलेली असते. ज्यांचं पडणं नीट समजावता येत नाही, त्या प्रत्येकाला मूर्च्छेचा पेशंट समजूनच तपासावं, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

हकिकत विचारताना क्रम ठेवावा : आधी, तेव्हा आणि नंतर. आधी काय करत होतात? उभे होतात, बसला होतात, की झोपला होतात? झोपलेल्या किंवा बसलेल्या माणसाला आलेली मूर्च्छा, जिना चढताना किंवा चालता चालता आलेली मूर्च्छा, आणि कसलीही चाहूल न देता आलेली मूर्च्छा, या तिन्हींनी डॉक्टरचे कान टवकारले पाहिजेत. मळमळ, घाम, पोटात ढवळणं, डोळ्यांसमोर अंधारी, हे सारं मिनिटभर चाललं असेल तर मामला बहुधा सौम्य असतो; पण म्हातारपणी ही चाहूल अंधूक होते, हेही ध्यानात ठेवावं. नुसती "चक्कर आली" यावर थांबू नये. घर गरगर फिरलं, अंधारी आली, की तोल गेला, हे वेगळं करून विचारावं. छातीत दुखणं, धडधड, दम, पाठीत किंवा पोटात कळ, काळी शौच, हे प्रश्न प्रत्येकाला. आणि प्रश्न पेशंटच्या डोळ्यांत बघून विचारावेत. आजोबा समोर बसलेले असताना "यांना काय होतंय?" असं मुलाला विचारणं हा अपमान तर आहेच, शिवाय त्यात माहितीही हातची जाते. ऐकायला कमी येत असेल तर जवळ जाऊन, संथ बोलावं. श्रवणयंत्र घरी राहिलं असेल तर मागवून घ्यावं.

"तेव्हा" काय झालं, ते मात्र बघणाऱ्यालाच ठाऊक असतं. सून, शेजारी, वॉचमन, रिक्षावाले काका, ज्यानं प्रत्यक्ष पाहिलं त्याला फोन लावावा. दोन मिनिटांचा तो फोन सीटी स्कॅनहून मोलाचा ठरतो. चेहरा पांढरा पडला होता की निळा? डोळे उघडे होते का? किती वेळात ओळख पटली? इथे एक सावधगिरी हवी. "हात-पाय झाडत होते" असं ऐकलं की लगेच फिट ठरवली जाते, कांदा हुंगवला जातो आणि पुढे वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या सुरू राहतात. १९९४ साली जर्मनीत निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणून त्यांचं व्हिडिओ चित्रण करण्यात आलं. पूर्ण शुद्ध हरपलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांच्या अंगाला झटके आलेले दिसले. म्हणजे काही सेकंदांचे झटके हा मूर्च्छेचाच भाग असू शकतो. जिभेची कड चावली गेली असेल, झटके बराच वेळ चालले असतील आणि नंतर माणूस दीर्घकाळ गोंधळलेला असेल, तरच पारडं फिटकडे झुकतं.

घरच्यांनी काय केलं, हेही विचारावं. आपल्याकडे माणूस पडला की चार जण त्याला धरून खुर्चीत बसवतात, तोंडात पाणी ओततात आणि रिक्षात मधोमध ताठ बसवून दवाखान्यात आणतात. दाब उतरलेल्या माणसाला ताठ बसवणं म्हणजे मेंदूचं रक्त तोडणं, आणि बेशुद्धाच्या तोंडातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. श्वास चालू असेल तर त्याला आडवंच राहू द्यावं, पाय थोडे उचलावेत, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं. श्वास थांबला असेल किंवा धड नसेल, तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करून १०८ला फोन लावावा. या पुस्तकातलं प्रथमोपचाराचं प्रकरण डॉक्टरांइतकंच घरच्यांसाठीही लिहिलेलं आहे.

औषधांची पिशवी ही या सगळ्या तपासातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू. "बी.पी.ची गोळी चालू आहे" एवढं उत्तर पुरत नाही, पिशवी टेबलावर उलटी करावी आणि एकेक स्ट्रिप वाचावी. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची जोडगोळी एका डॉक्टरनं दिलेली, तीच जोडगोळी वेगळ्या कंपनीच्या नावानं दुसऱ्यानं दिलेली, आणि आजोबा दोन्ही मनोभावे घेत असलेले. प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिन, म्हणजे नेमकं पहाटे लघवीला उठताना दाब उतरायची सोय. झोपेची गोळी. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी, तीही उभ्यानंच ठेवलेली. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून थेट आणलेली वेदनाशामक गोळी. तिच्यामुळे जठरातून रक्त जात असेल तर भोवळीचं कारण तिथेच आहे. मधुमेहाची ग्लिमेपिराइड उपासाच्या दिवशीही घेतलेली. विस्मरणासाठी दिलेलं डोनेपेझिल, जे नाडी मंद करतं. आणि शेवटी, जी पिशवीत कधीच नसते ती बाटली : काचबिंदूचे थेंब. त्यांना कुणी औषध समजत नाही. पण टिमोलॉलचे थेंब डोळ्यातून नाकात उतरून रक्तात मिसळतात आणि एखाद्या आजींची नाडी चाळिशीला आणून ठेवतात. म्हणून "डोळ्यांत काही घालता का?" हा प्रश्न वेगळा विचारावा. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे का, हाही प्रश्न वेगळा; कारण मग डोक्याचा मार किरकोळ दिसला तरी सीटी करावाच लागतो, आणि पुढचे काही आठवडे घरच्यांना डोळसपणे लक्ष ठेवायला सांगावं लागतं.

उभ्यानं घेतलेलं बी.पी. हा सोपा तपास आहे, आणि सोपा असल्यामुळेच तो टाळला जातो. पेशंटला पाच मिनिटं स्वस्थ आडवं ठेवून दाब आणि नाडी मोजावी. मग उभं करावं, एकानं मागे आधाराला थांबावं. उभं राहिल्याबरोबर, एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावं. पट्टा बांधलेला हात हृदयाच्या पातळीवर आधारून धरावा, लोंबकळू देऊ नये. वरचा आकडा २०नं किंवा खालचा १०नं उतरला, किंवा वरचा आकडा ९०च्या खाली गेला, तर उत्तर हाती लागलं. त्या वेळी "अगदी असंच झालं होतं" असं आजोबा म्हणाले तर ते आणखी पक्कं झालं. दाब उतरताना नाडी चांगली वाढली तर पाणी किंवा रक्त कमी पडल्याचा संशय घ्यावा. नाडी जागची हललीच नाही तर नसांचा दोष किंवा नाडी रोखणारं औषध शोधावं. सलाईन लावण्याआधी हे मोजावं, नाहीतर पुरावाच वाहून जातो. आणि दुपारी दाब उतरला नाही म्हणून पहाटेही उतरला नसेल, असं धरून चालू नये.

बाकीची तपासणी डोक्यापासून पायापर्यंत करावी. दोन्ही हातांचा दाब घ्यावा. छातीच्या उजव्या बाजूला वर ऐकू येणारी आणि मानेकडे जाणारी खरखर ही अरुंद झालेल्या महाधमनीच्या झडपेची खूण. अशा माणसाला भोवळ आली असेल तर त्याला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायला वेळ लावू नये. पोटात धडधडणारी गाठ, एकाच पोटरीची सूज, शौचाचा काळा रंग तपासावा. खुबा, मनगट, बरगड्या, मान यांवर हात फिरवावा. म्हातारं हाड मोडलेलं असूनही माणूस कण्हत नाही, असं पुष्कळदा होतं.

ईसीजी मूर्च्छेच्या प्रत्येक पेशंटचा काढावा, पुन्हा शुद्धीवर येऊन तो गप्पा मारत असला तरीही. आणि तो काढणाऱ्याला नेमकं काय शोधायचं ते माहीत असावं : ४०च्या खालची नाडी, तीन सेकंदांहून लांब थांबा, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला तुटलेला संवाद, उजव्या फांदीच्या अडथळ्याच्या जोडीला डावीकडे वळलेला अक्ष, लांबलेला क्यूटी, जुन्या-नव्या अटॅकच्या खुणा. वर सांगितलेल्या आजींच्या ईसीजीत फांदीचा असा दुहेरी अडथळा निघाला, तर पुढचा रस्ता टाक्यांवर संपत नाही. तो मॉनिटरकडे आणि बहुधा पेसमेकरकडे जातो. घरच्या कपाटातली जुनी फाइल मागवावी, कारण बदल नवा आहे का हे जुन्या ईसीजीशेजारी ठेवूनच कळतं. आणि ईसीजी नॉर्मल आला तरी हकिकत भयसूचक असेल तर विश्वास हकिकतीवर ठेवावा. कागदाची ती पट्टी फक्त काही सेकंदांची साक्षीदार असते.

याउलट, मेंदूचा सीटी, मानेच्या धमन्यांचा डॉपलर आणि ईईजी यांतून साध्या मूर्च्छेत क्वचितच काही निघतं. डोक्याला मार नाही, हातापायांत अशक्तपणा नाही, बोलणं स्वच्छ आहे, तर सीटीची गरज नसते. तरीही तो सर्रास होतो, कारण "सीटी नॉर्मल आहे" या वाक्यानं सगळ्यांना धीर येतो. तो धीर खोटा आहे. हृदयाच्या दोषानं पडलेल्या माणसाचा मेंदू चांगलाच असणार. सीटीचे पैसे भरलेत पण उभ्यानं बी.पी. घेतलेलं नाही, असे कागद घेऊन येणारे पेशंट पाहिले की वाईट वाटतं. रक्तातली शुगर, हिमोग्लोबिन आणि क्षार तपासणं, आणि संशय असेल तिथे ट्रोपोनिन, एवढं बहुतेकांना पुरतं.

धोका आकड्यांत मांडण्याचे प्रयत्न गेली काही दशकं चालू आहेत. २००४ साली सॅन फ्रान्सिस्कोत पाच मुद्द्यांचा नियम मांडला गेला. इतरत्र पडताळताना तो सगळीकडे तितका खरा उतरला नाही. २०१६ साली कॅनडात नऊ मुद्द्यांचा गुणांक तयार झाला, जो पुढच्या तीस दिवसांतल्या धोक्याचा अंदाज देतो. त्याच वर्षी इटलीतल्या ११ रुग्णालयांच्या अभ्यासात, पहिल्यांदाच मूर्च्छा येऊन दाखल झालेल्या दर सहांपैकी जवळजवळ एकाच्या फुप्फुसात गुठळी आढळली आणि सगळीकडे खळबळ उडाली. २०१८ साली चार देशांतल्या फार मोठ्या नोंदी तपासल्यावर आपत्कालीन विभागात आलेल्या मूर्च्छेच्या सर्व पेशंटांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघालं. यातून धडा असा, की गुठळीचा विचार प्रत्येकाबाबत मनात आणावा, पण सरसकट सगळ्यांचा स्कॅन करू नये. गुणांक हा अनुभवी डोळ्याच्या मदतीला असतो. त्या डोळ्याची जागा तो घेत नाही.

शेवटचा निर्णय ठेवायचं की सोडायचं, हा. छातीत दुखून, दम लागून, श्रमात किंवा झोपलेल्या अवस्थेत आलेली मूर्च्छा, माहीत असलेला हृदयविकार, बिघडलेला ईसीजी, न उलगडलेला उतरलेला दाब, रक्तस्राव : यांपैकी काहीही असेल तर निदान सहा तास मॉनिटरवर ठेवावं आणि नंतर योग्य ठिकाणी पाठवावं. तालुक्याच्या ठिकाणी मॉनिटर नसेल तर ईसीजीचा फोटो जिल्ह्याच्या डॉक्टरकडे पाठवून १०८मधून, आडवं ठेवून पाठवावं.

ज्यांना घरी सोडायचं, त्यांचं कामही संपलेलं नसतं. सोडण्याआधी त्यांना दहा पावलं चालवून बघावं. घरी कोण आहे, हे विचारावं. मुलं पुण्यात किंवा परदेशात आणि इथे दोघंच म्हातारे, अशी घरं आता गावोगाव आहेत. तिथे "लक्ष ठेवा" हा सल्ला नेमका कुणासाठी? शेजाऱ्याचा नंबर कागदावर लिहून घ्यावा. कोणती गोळी बंद, कोणती अर्धी, हे मराठीत ठळक लिहून द्यावं आणि ज्या डॉक्टरची ती गोळी आहे त्याला कळवावं. एकदम सगळ्या गोळ्या बंद करण्यातही धोका आहे. अंथरुणातून उठताना आधी कडेवर बसावं, मग उभं राहावं. पुरुषांनी रात्री लघवी बसून करावी. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर पाणी भरपूर प्यावं. कारण नीट कळेपर्यंत दुचाकी चालवू नये. आणि "आता कुठे जाऊ नका, पडून राहा" असं मात्र सांगू नये. पडण्याच्या भीतीनं खाटेला खिळलेल्या माणसाच्या पायांतलं बळ आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं, आणि मग तो खरोखरच पडतो.

आपल्या देशात आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली. महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४पासून आहे. २०११च्या जनगणनेत साठीपुढचे लोक देशात दहा कोटींहून अधिक होते. आज ती संख्या बरीच पुढे गेली आहे. म्हणजे या विद्येला आपल्याकडे वय कमी आणि तिच्या दाराशी येणाऱ्यांचं वय जास्त, अशी स्थिती आहे. तज्ज्ञ सगळीकडे पोचायला वेळ लागेल. तोवर रात्रपाळीला एकटाच असलेला तरुण डॉक्टर, त्याच्याबरोबरची सिस्टर आणि रुग्णवाहिकेतले कर्मचारी हेच या वयस्कांचे तज्ज्ञ आहेत, आणि त्यांच्यासाठीच हे पुस्तक मराठीत लिहिलं गेलं याचा मला मनापासून आनंद आहे. त्यातली प्रकरणं क्रमानं वाचावीत, पण वाट न बघता तीन सवयी आजच्या ड्यूटीपासून लावून घ्याव्यात : पडलेल्या प्रत्येक वयस्क माणसाला पडण्याआधीचं आणि नंतरचं पहिलं काय आठवतं ते विचारणं, त्याचं बी.पी. उभं करून घेणं, आणि त्याचा ईसीजी स्वतः वाचणं. पेसमेकर लागणारी आजी आणि एक गोळी कमी करून बरे होणारे आजोबा, या दोघांनाही शोधून काढायला एवढ्या तीन सवयी बहुतेक वेळा पुरेशा ठरतात.